एकदाच जिंकलेली होडी

मित्रांनो, मी एक जुनी शर्यतीची होडी आहे. सडपातळ, लांबलचक आणि वयाच्या मानाने अजून देखणी. खोटं वाटत असेल तर जवळ येऊन बघा. एका सुतारकाकांनी मला पातळ फळ्यांतून घडवलं. शेवटचा हात फिरवताना म्हणाले, "जा गं बाई, नाव काढ!" मग नदीच्या अलीकडच्या विद्यापीठाने मला नेलं.

पलीकडच्या विद्यापीठाशी आमचं हाडवैर. दरवर्षी शर्यत व्हायची आणि दरवर्षी आम्ही हरायचो. वल्हवणारे आठही जण पुढे पाठ करून बसतात, ठाऊक आहे ना? पुढे गेलेली होडी त्यांना दिसतच नाही, मागे पडलेली तेवढी दिसते. त्यामुळे आमच्या पोरांना मागे नुसतं रिकामं पाणी दिसायचं. लोक म्हणायचे, "ही होडीच पनवती आहे." फार लागायचं हो मला ते.

शेवटी ठरलं, पुढच्या वर्षी नवी होडी आणायची. म्हणजे ही माझी शेवटची शर्यत. एकदा, फक्त एकदा मला जिंकायचं होतं!

आमच्यात पुढचं बघणारी एकटी सुकाणूवाली. अंगाने एवढीशी, पण आवाज असा की काठावरचे कावळे उडायचे. सगळे तिला भोंगाच म्हणायचे. त्या दिवशी पोरांनी जीव तोडून वल्ही मारली. पुलाखालून बाहेर पडलो आणि काय सांगू, पलीकडच्यांच्या होडीचं टोक मागे पडलेलं दिसू लागलं!

"अरे, ती बघा त्यांची होडी!" एक जण ओरडला. आठही जण डोळे फाडून बघत बसले आणि वल्ही एकमेकांवर आपटली.

"गाढवांनो, ती काय प्रदर्शनात मांडलीय?" भोंगा कडाडली. "वल्हवा!"

वल्हवलं हो पोरांनी! माझं नाक रेषेपार आधी गेलं, जेमतेम वीतभर. मी जिंकले!

जिंकलेल्यांनी आपल्या सुकाणूवालीला पाण्यात टाकायचं, अशी इथली रीत. पोरांनी भोंग्याला उचलून टाकलं, आणि आनंदाच्या भरात मागोमाग स्वतःही उड्या मारल्या. सगळ्यांनी! पाण्यात गळ्यात गळे, हसणं, रडणं. आणि मी? मी निघाले एकटीच वाहत, सरळ बंधाऱ्याकडे. तिथून खाली कोसळले असते तर माझं सरपणच झालं असतं.

तेवढ्यात माझ्या कडेला एक हात लागला. पलीकडच्यांचा आडदांड कप्तान! हरल्यामुळे त्याचं तोंड एवढंसं झालं होतं, तरी त्याने आणि त्याच्या पोरांनी मला ओढत परत आणलं. आमची पोरं पाण्यातच ओशाळून बघत होती.

"घ्या, सांभाळा तुमची म्हातारी," तो म्हणाला. "जिंकायची सवय नाही ना, होतं असं!"

दोन्हीकडची पोरं खो खो हसली. म्हातारी म्हटल्याचा मलाही राग आला नाही.

मित्रांनो, जिंकलात की खुशाल उड्या मारा, हवं तेवढं नाचा. पण एकाने तरी होडी धरून ठेवा. आणि दुसऱ्याची होडी वाहत चाललेली दिसली, तर हरलेले असलात तरी हात पुढे करा.