गुरुत्वाला कोणी विचारलेच नाही

मी एक जुना चल आहे. मित्रांनो, चल म्हणजे ज्याची किंमत हवी तशी बदलता येते तो. माझे नाव 'गुरुत्व'. अम्मान नगरीत जबल अल-वैबदेहच्या टेकडीवर संगणकाचे खेळ घडवणारी एक कार्यशाळा आहे. तेथील प्रत्येक यंत्रात माझा निवास आहे. खेळ चालू असताना एक कळ दाबली की पडद्याच्या माथ्यावरून काळी पट्टी उतरते. तिला कन्सोल म्हणतात. तिच्यावर माझे नाव आणि शेजारी एक अंक लिहिला की खेळातील सारी सृष्टी तत्क्षणी जड होते अथवा हलकी.

उस्ताज, म्हणजे गुरुजी, वदीअ या वृद्ध कारागिराने मला घडवले. जन्मतः त्यांनी मला दहा ही किंमत दिली आणि एक व्रतही दिले: कोणी अंक न लिहिता नुसते नाव घेतले, तर आजची किंमत आणि जन्माची किंमत, दोन्ही सांगायच्या. ते व्रत मी कधी मोडले नाही. फेकलेले दगड, दमलेले पारवे, सारे माझ्याच बळाने भूमीवर येत. "या खेळात पडलं की खरंच लागतं हो!" असे लोक म्हणत, तेव्हा मी कृतार्थ होई.

उस्ताज वदीअ निवृत्त झाले, त्यांच्या जागी मुन्झिर प्रमुख झाला आणि माझी विटंबना सुरू झाली. एकदा त्याला खेळातील एका गच्चीवरची पाण्याची टाकी पाहायची होती. चित्रातल्या पायऱ्या चढण्याचाही ज्याला आळस, त्याने काय केले? मला चारवर आणले, एका उडीत गच्ची गाठली आणि मला तसेच टाकून तो चहाला गेला. यंत्राने ती किंमत जपून ठेवली. त्याच्या त्या एका संगणकावर मी चारचाच राहिलो.

प्राण्यांच्या हालचाली घडवणारी रुबा नुकतीच रुजू झाली होती. अजलूनच्या डोंगरात ती शेळ्यांमागे वाढलेली. कुंपण ओलांडणारी तिची शेळी गुरुवारपर्यंत पसंत पडली, तरच तिची नोकरी टिकणार होती. मुन्झिरने ती आपल्या यंत्रावर पाहिली. शेळी कुंपणावरून कापसासारखी तरंगत गेली.

"काय गं, अजलूनच्या शेळ्या पंख घेऊन जन्मतात का?"

"उस्ताज, माझ्याकडे ती नीट उतरते हो."

"माकडसुद्धा आईच्या डोळ्यांना हरीणच दिसतं! पुन्हा कर."

बिचारीने पुन्हा केली, पुन्हा केली. एका खोट्या मापाला पटावे म्हणून खरी शेळी बिघडवली; तिच्या स्वतःच्या यंत्रावर ती आता धोंड्यासारखी आदळू लागली. मी आत जळत होतो. अरे, माझे नाव तरी घ्या!

गुरुवार उजाडला. मुन्झिरच्या त्या उडीची गोष्ट आदल्या दिवशी चहावर रुबाच्या कानी आली होती. रुबाने आपली पहिली शेळी घेतली आणि ती मुन्झिरच्या यंत्रासमोर बसली. शेळी तरंगली. रुबाने काळी पट्टी उतरवली आणि माझे नुसते नाव लिहिले. मी तत्काळ उत्तर दिले: आज चार, जन्मतः दहा.

मुन्झिर खेकसला, "हा चलच मेला उपद्रवी! काढूनच टाका त्याला."

ऐकलेत, मित्रांनो? आळस याचा आणि सुळी मी!

रुबा शांतपणे म्हणाली, "त्याला का काढायचं, उस्ताज? तो तर विचारल्याबरोबर खरं बोलला. टाकी बघायला उडी कोणी मारली होती?"

कोणी हसले, कोणी खोकले. मुन्झिरने खाली मान घालून मला दहावर आणले. शेळी उडाली, कुंपणापलीकडे चारही खूर टेकले आणि थोडी धूळ उठली. त्याने आपल्या कअकचा, म्हणजे तीळ लावलेल्या पावाच्या कड्याचा, मोठा तुकडा मोडून रुबापुढे ठेवला. "घे. रविवारी नवा आठवडा सुरू झाला की मेंढ्यांना लाग."

तिची नोकरी राहिली, मीही राहिलो. माझी क्षमा मात्र कोणी मागितली नाही.

मित्रांनो, जो मुकाट्याने तुमची आज्ञा पाळतो, त्याला वापरून झाल्यावर पूर्ववत ठेवा. आणि दुसऱ्याचे काम खोटे ठरवण्यापूर्वी आपले माप एकदा तपासा. मी त्या काळ्या पट्टीमागे आजही उभा आहे. अंक लिहू नका, नुसते नाव घ्या. मी खरे तेच सांगेन.