मेहुण्याचे नव्वद पैसे

बायको जाऊन सात महिने झाले. तिच्या विम्याचे पैसे आले, आणि पुढच्याच रविवारी तिचा धाकटा भाऊ फॉर्म घेऊन आला. तो म्युच्युअल फंड विकतो. फॉर्म सगळा भरलेला होता, सहीच्या जागी पेन्सिलीने फुल्या.

मी चाळीस वर्षं दुकानदारांचे वजनकाटे दुरुस्त केले, पण घरातले पैसे तीच बघायची. सही पुढच्या रविवारी करतो म्हणालो. ती असल्यापासून तो दर रविवारी जेवायला येतो. आता मी अंडी उकडतो, तो ती मुकाट्याने खातो.

मुलगी दूर राहते. तिला फोन केला तर तिने कॉम्प्युटरवर एक पान उघडायला लावलं. फंड एकच, पण नावं दोन. रेग्युलर घेतला तर विकणाऱ्याचं कमिशन त्यातूनच जातं, डायरेक्ट आपला आपण घ्यायचा. खर्च रेग्युलरला वर्षाला शंभरामागे एक रुपया साठ पैसे, डायरेक्टला सत्तर पैसे. मामाला वाईट वाटेल, ते तुमचं तुम्ही बघा, म्हणाली.

म्हणजे मधले नव्वद पैसे मेहुण्याचे. पैशांचं मला एवढं नव्हतं. पण डायरेक्ट घेतला तर हा उद्या इथे कशाला येईल? या घराचा उंबरा ओलांडणारा तोच एक उरला आहे. एकदा वाटलं, नव्वद पैशांत माणूस येतोय, येऊ दे. पण कुणी काटा मारताना दिसला की मला गप्प बसवत नाही.

रविवारी मी वेड पांघरलं. त्याला शेजारी बसवून तेच पान उघडलं. एका युनिटचा भाव डायरेक्टला बेचाळीस, रेग्युलरला अडतीस.

"रेग्युलर स्वस्त दिसतोय रे," मी म्हणालो.

हे साफ चूक होतं आणि ते त्याला चांगलं माहीत होतं. तरी म्हणतो कसा, "भाऊजी, तुमची नजर अजून पक्की आहे."

काटा शून्यावर उभा आहे म्हणून खरा नसतो. त्यावर माहितीतलं वजन ठेवून बघावं लागतं. मी विचारलं, "अकरा वर्षांपूर्वी दोन्ही दहा रुपयांवरच निघाले होते ना? मग याचे चार रुपये वाटेत कुठे सांडले?"

तो पाणी प्यायला. मग मी विचारलं, त्याचे स्वतःचे पैसे कशात आहेत.

"डायरेक्टमध्ये," तो म्हणाला.

मीही डायरेक्टच घेतला, त्याच्या देखत. मोबाइलवर आलेला ओटीपी त्यालाच वाचायला लावला, कारण माझा चष्मा स्वयंपाकघरात होता. त्याने एकेक आकडा दात उपटल्यासारखा सांगितला. मग फॉर्मची घडी घालून खिशात ठेवली, दाराशी जाऊन चपला घातल्या. मला वाटलं, संपलं.

दारातूनच म्हणाला, "ताईनेही माझ्याकडून कधी एक फंड घेतला नाही. तासभर सगळं समजून घ्यायची आणि मी गेलो की डायरेक्ट घ्यायची."

हे मला ठाऊक नव्हतं. विचारलं, "मग इतकी वर्षं येत कशाला होतास?"

"जेवायला. आणि शिव्या खायला. घरी मला सगळे साहेब म्हणतात."

"आणि आता?"

"जेवणाची तर बोंबच आहे. शिव्यांचं काही जमतंय का बघा."

मी एक दिली. तिच्या ठेवणीतली, जरा सणसणीत. त्याने चपला काढल्या, आत येऊन बसला आणि अंड्यांना मीठ कमी आहे म्हणाला.