ढब्बूची शिकवणी

काचेच्या गोदामात सगळे त्याला जावई म्हणत, कारण मालक हा त्याच्या बायकोचा थोरला भाऊ. एरवी जावई म्हटलं की लोक खुर्ची पुढे करतात. इथे जावई म्हटलं की पुढ्यात काम यायचं. जावई, गाडी लागली, पेंढा आणा. जावई, मोरी तुंबलीय, जरा बघा. मालक तर जावईबुवा म्हणायचा, अहो-जाहो करायचा आणि त्या अहो-जाहोतच समोरच्याचा पाणउतारा करायचा. ही कला सगळ्यांना साधत नाही.

जावई पूर्वी याच गोदामात काचा उतरवायचा. एकदा शीट निसटली आणि डाव्या मनगटाची शीर तुटली. जीव वाचला, पण तीन बोटं मिटेनाशी झाली. अशा हाताला दुसरीकडे कोण उभं करणार? मेहुण्याने गोदामाच्या मागची खोली दिली आणि ‘आपलाच माणूस आहे’ असं चारचौघांत सांगून टाकलं. तेव्हापासून नवराबायको तिथेच होते. खोलीचं दार गोदामाच्या आवारात उघडायचं, खिडकीही आवारातच. संध्याकाळी मालक फाटकाला बाहेरून कुलूप घालून घरी जायचा आणि सकाळी येऊन उघडायचा. एकदा बायकोने एक किल्ली मागून पाहिली, तर तो म्हणाला, “तुम्हाला कुठं जायचंय?” तिने ती पुन्हा मागितली नाही, कारण खरंच कुठं जायचं नव्हतं.

राखणीसाठी कुत्रा आणला तेव्हा तो ओंजळीत मावेल एवढा होता. मालकाने त्याला आवारातल्या खांबाला बांधलं आणि नियम सांगितले. नाव ठेवायचं नाही. कुरवाळायचं नाही. पोटभर घालायचं नाही. आणि जरा मोठा झाला की आठवड्यातून एकदा कुणीतरी परक्या माणसाने येऊन त्याला चोपायचं, म्हणजे माणूस दिसला की तो फाडायलाच धावेल. आता दर आठवड्याला नवा परका माणूस आणायचा कुठून? तर जावई होताच. मालकाने एक जुना जाड कोट दिला, आतून गोधडीसारखा शिवलेला, आणि एक हेल्मेट. हे चढवलं की कुत्र्याला काय कळतंय कोण आहे ते, असा त्याचा हिशेब.

याच्या आधीचा कुत्रा कुणावर भुंकायचाच नाही. मालकाने त्याला मटणातून औषध घातलं आणि मागच्या भिंतीशी खड्डा खणायला जावयाला सांगितलं. मालकाला कुत्र्यांचा राग होता असं मात्र नाही. त्याच्या घरी राणी नावाची पांढरी, झुपकेदार शेपटीची कुत्री होती. ती त्याच्या गादीवर झोपायची, गाडीत पुढच्या सीटवर बसायची आणि केबिनमध्ये त्याच्या मांडीवर. तिचं पोट बिघडलं तेव्हा तो दिवसभर गोदामाकडे फिरकला नव्हता आणि दुसऱ्या दिवशी आला तो डोळे सुजवून. ती माया खरी होती. मला विचाराल तर तेच जास्त वाईट. मायेचा पत्ताच नसलेला माणूस एक वेळ समजून घेता येतो. ह्याला माया म्हणजे काय ते चांगलं ठाऊक होतं, फक्त कुणावर करायची ते तो ठरवून घ्यायचा.

पिल्लाचं पोट नगाऱ्यासारखं होतं, म्हणून जावयाने त्याला ढब्बू म्हणायला सुरुवात केली. आधी मनात, मग हळू आवाजात. बायको उरलेला पाव दुधात कुस्करून द्यायची आणि मालकाची गाडी वळणाआड गेली की तो ते भांडं घेऊन खांबाशी जाऊन बसायचा. ढब्बू खायचा, मग त्याच्या न मिटणाऱ्या बोटांवर हनुवटी टेकून डोळे मिटायचा. त्या बोटांचा जगात कुणाला उपयोग झाला असेल, तर तो एवढाच.

शिकवणीच्या दिवशी जावई कोट चढवून खोलीबाहेर पाऊल टाकायचा आणि तिकडे ढब्बूची शेपूट चालू व्हायची. कुत्र्याचं नाक हेल्मेटला भीक घालत नाही, हे मालकाला माहीत नव्हतं. जावयाला पहिल्याच दिवशी कळलं, पण त्याने ते कळू दिलं नाही. तो पॅकिंगची लाकडी पट्टी धाडधाड जमिनीवर आपटायचा, कोटाची लांब बाही ढब्बूपुढे नाचवायचा. ढब्बू बाही तोंडात धरून गुरगुरायचा, मान झटकायचा, ओढायचा. लांबून बघणाऱ्याला वाटावं की आता हा माणसाचा लचका तोडणार. मालक केबिनच्या काचेआडून मान डोलवायचा. “रक्त चढायला लागलं बरं का जावईबुवा,” असं म्हणायचा. हेल्मेटच्या आत जावई हसत असायचा. साऱ्या आठवड्यात तो तेवढाच हसायचा.

चूक झाली ती इथेच. ढब्बूला वाटलं, माणूस येतो तो खेळायला.

पुढे एके रात्री भिंतीवरून एक चोर आत उतरला आणि ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांची मोळी घेऊन गेला. मालकाने आवारात गुपचूप बसवलेल्या कॅमेऱ्याचं चित्रण सकाळी लावलं. चोर उतरला तशी ढब्बूने साखळी ताणली, शेपूट हलवली आणि कोटाच्या बाहीचा फाटका तुकडा तोंडात धरून त्याच्यापुढे नेऊन ठेवला. चोरालाही नवल वाटलं असावं. जाताजाता तो वाकून ढब्बूला थोपटून गेला. मालकाने मग चित्रण मागे मागे नेलं. दुधाचं भांडं दिसलं, बोटांवरची हनुवटी दिसली, सगळं दिसलं.

त्याने जावयाला केबिनमध्ये बोलावलं. राणी मांडीवर होती.

“जावईबुवा, तुम्हाला कुत्रा तयार करायला सांगितला होता. तुम्ही तर दत्तक घेतलात.”

जावयाला मूलबाळ नव्हतं. मालकाला ते माहीत होतं.

“दादा, थोडे दिवस द्या,” जावई म्हणाला. “करतो तयार.”

“देतो की. रविवारी मी आवारात खुर्ची टाकून बसतो. कोट नाही, हेल्मेट नाही. तुमच्या हातचं खातो ना तो? मग तुम्हालाच चावू दे. तुम्हाला चावला तर कुणालाही चावेल. नाही चावला, तर खड्डा कुठं खणायचा ते तुम्हाला सांगायला नको.” एवढं बोलून त्याने राणीच्या कपाळावर ओठ टेकले.

बायको भावाशी बोलायला गेली आणि गेली तशी परत आली.

“काय म्हणाला?”

“म्हणाला, एवढा पुळका असेल तर तिघंही निघा.” ती खाटेच्या कडेवर बसली. “अहो, निघायचं का?”

“निघून करायचं काय?” त्याने हात पुढे धरला. ती बोटांकडे बघत राहिली आणि तो विषय तिथेच मिटला.

मग त्याने गोदामाच्या टेम्पोवरच्या ड्रायव्हरला गाठलं. ड्रायव्हर मनाने बरा होता. माल पोचवायला जाताना त्याने टेम्पो कॅमेऱ्याच्या आड लावला, ढब्बूला आत घातलं आणि नदीपलीकडे, खाटकांच्या दुकानांजवळ सोडलं. तिथे कुत्र्याचं पोट सहज भरतं. दुपारभर जावयाचं कामात लक्ष नव्हतं. साखळी तुटली, कुत्रा पळाला, असं मालकाला सांगायचं त्याने पाठ करून ठेवलं होतं. फाटक बंद व्हायच्या आत ढब्बू आला. पाय चिखलाने भरलेले, जीभ लोंबतेय, आणि आनंद असा की जणू हरवला होता तो जावईच आणि ढब्बूने त्याला शोधून काढलाय. मालक कुलूप हातात घेऊन उभा होता.

“बघा, किती इमानी आहे,” तो म्हणाला. “आता बांधा.”

उरलेल्या दिवसांत जावयाने सगळं करून पाहिलं. तो ओरडला, त्याने पाय आपटले, लाथ उगारली. ढब्बू जमिनीशी चपटा व्हायचा आणि मग उताणा होऊन पोट दाखवायचा. पट्टी उगारली की बाही शोधायला लागायचा. जावयाने त्याच्यासमोर हात टेकले. शिव्यासुद्धा त्याला गोड लागायच्या, कारण त्या जावयाच्या तोंडून येत होत्या. दोन दिवस मालकाने ढब्बूचं खाणंही बंद करायला लावलं होतं. रविवारी उठल्यावर मात्र जावयाला कळून चुकलं की परका बनून हे जमायचं नाही. परका होऊन मारलं तर ढब्बू खेळतो. आपलाच होऊन मारायला हवं.

मालक खुर्ची टाकून बसला होता. जावयाने दूध-पावाचं भांडं घेतलं आणि पट्टी पाठीशी धरली. “ये, ढब्बू,” तो म्हणाला. ते नाव मालकादेखत पहिल्यांदाच निघालं. ढब्बू अख्खा हलत आला आणि भांड्यात तोंड घालून लपालपा खाऊ लागला. जावयाने पट्टी त्याच्या पाठीत हाणली.

ढब्बू केकाटला. त्याने मागे बघितलं, मालकाकडे बघितलं, मारलं कुणी ते त्याला कळेना. मग तो धावत आला आणि जावयाच्या दोन्ही पायांच्या मध्ये शिरून थरथरत उभा राहिला.

जावयाच्या हातातून पट्टी गळायचीच बाकी होती. त्याच्या मनात आलं, आता थांबलो तर हा मेला. एवढंच मनात होतं, दुसरं काही नाही. त्याने मानगूट धरून ढब्बूला बाहेर ओढलं आणि तोंडावर मारलं. पुन्हा मारलं. तिसऱ्या खेपेला ढब्बूने वर बघितलं आणि कोण मारतंय ते त्याला दिसलं. जावयाने डावा हात पुढे केला होता, तो तसाही कामाचा नव्हता. ढब्बूने तोच धरला, आणि या खेपेला बाहीसारखा धरला नाही.

“सुटा, सुटा,” मालक खुर्चीतून उठत म्हणाला. जावई सुटला तेव्हा कोपरापर्यंत रक्त ओघळत होतं. मालकाने लांबूनच जखम बघितली. “जमलं की जावईबुवा. उगीच आढेवेढे घेत होता. उद्या दवाखान्यात जाऊन सुई घ्या, पैसे मी देतो.” मग त्याने राणीला गाडीत बसवलं, फाटकाला बाहेरून कुलूप घातलं आणि तो घरी गेला.

बायकोने हात धुतला, जुन्या साडीच्या पट्ट्या बांधल्या. ती रडत होती.

“अगं, वाचला तो,” जावई म्हणाला. तिने गाठ आवळली, तेव्हा त्याने पुन्हा सांगितलं, “वाचला म्हणतोय ना.”

ऊन उतरल्यावर ती पाणी घेऊन खांबाशी गेली. ढब्बू तिच्या हातचं पाणी प्यायला. जावई दारातच थांबला. त्याचा वास लागला तसं ढब्बूने डोकं वर केलं, मानेवरचे केस ताठ झाले आणि नाक आक्रसून तो असा गुरगुरला की बायको चटकन मागे सरली. जावयाला हायसं वाटलं. हेच तर हवं होतं. आणि ज्याला बघून या आवारात कुणालातरी आनंद व्हायचा, तो माणूस आपण आता राहिलो नाही, हे त्याच क्षणी त्याच्या छातीत घुसलं. तरी तो आत गेला नाही.

ढब्बूची गुरगुर चालू राहिली, मग उतरत गेली, मग थांबली. सुजलेल्या तोंडाने तो जावयाकडे बघत होता. शेपटीचं टोक हललं. थांबलं. पुन्हा हललं, जमिनीलगत, भीत भीत. त्याने एक पाऊल पुढे टाकलं आणि मान खाली घातली.

“अहो, ओळखतोय तुम्हाला,” बायको म्हणाली. तिचा आवाज फुलला होता. “या ना इकडं. गेलाय दादा. कॅमेऱ्यात आता कशाला बघतोय तो.”

दादा आता चित्रण बघणार नव्हता, हे खरं होतं. पण आज जवळ घेतलं, तर पुढच्या चोरासमोर हा पुन्हा शेपूट हलवत उभा राहणार. ढब्बूने माफ केलं की ढब्बू संपला. जावई वाकला. पायाशी एक दगड होता, तो त्याने उजव्या हातात घेतला आणि नेम धरला.

“हाड,” तो म्हणाला.