भोंग्याला दोन गोळ्या

आमच्या खोक्यांच्या कारखान्यात साहेबांच्या टेबलाच्या खणात गोळ्यांचा डबा असतो. कुणी "आई गं" म्हणायचा अवकाश, डबा हजर! "घे दोन आणि लाग कामाला." साहेबांना वाटतं, आपण केवढे धर्मात्मे.

माझी थोरली बहीण तिथंच खोकी चिकटवते. दिवसाला हजार घड्या. महिनाभर मनगट सुजून टम्म आहे.

"ताई, दुखणं अंगावर काढू नकोस," मी म्हटलं.

"अंगावर कुठं काढतेय, मेल्या? रोज चार गोळ्या गिळते की!"

आता पोटात आग पडायला लागली. तिनं रजा मागितली, तर साहेब म्हणाले, "ऑर्डर गेल्यावर बघू. घाई असेल तर कायमच्याच जा."

ऐकलं आणि जेवणाच्या सुट्टीत मी औषधाच्या दुकानात गेलो. दुकानातल्या बाई माझ्यासारख्या टवाळाला पुरून उरणाऱ्या.

"बाई, गोळीला मनगटाचा पत्ता कोण देतं हो?"

"पत्ताबित्ता काही नसतो. रक्तातून अंगभर हिंडते ती. दुखऱ्या जागी शरीर एक रसायन बनवतं. त्यानं तिथल्या नसा चिडतात आणि मणक्यातून थेट मेंदूकडे बोंब ठोकतात. ती बोंब पोचली, की मग आपल्याला दुखतं. गोळी ते रसायन बनूच देत नाही. बोंब थंडावते."

"आणि मनगट?"

"ते काय, आहे तिथंच. सूज थोडी उतरेल, पण वरून काम चालूच ठेवलं तर गोळी बिचारी काय करणार? शिवाय तसलंच रसायन पोटाच्या आतलं अस्तर सांभाळतं. तेही आटतं. का हो, घेतंय कोण?"

मी सांगितलं. बाईंचं हसू मावळलं.

"महिनाभर चार-चार? पोटात जखम होऊन रक्त जाईल. गोळ्या बंद करा आणि आजच्या आज डॉक्टर!"

परत आलो तेव्हा डोक्यात किडा वळवळत होता. आमच्याकडे गोंद वितळवायची विजेवरची कढई आहे. जास्त तापली की भोंगा वाजतो. मी भोंग्यात फडक्याचा बोळा कोंबला, आच वाढवली आणि बटणावर बोट ठेवून साळसूदासारखा उभा राहिलो. गोंद रटरटला, वास सुटला. साहेब धावत आले तसं मी बटण बंद केलं.

"भोंगा का नाही वाजला?" त्यांनी बोळा उपसून काढला. "कुणाचा हा चावटपणा?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. नाव कमावलंय, उगाच नाही.

"माझाच. फार ओरडतो हो हा. म्हणून दिल्या दोन गोळ्या."

"अरे, कढई जळाली असती!"

"पण ओरडत नव्हती ना? मग लागा की कामाला!"

खसखस पिकली. साहेब लालबुंद. "आत्ताच्या आत्ता चालता हो!"

तेवढ्यात ताई उठली. सकाळीच साहेबांनी दिलेल्या दोन गोळ्या तिच्या पदराच्या गाठीला होत्या. गाठ सोडली आणि गोळ्या कढईत टाकल्या. टुपुक, टुपुक.

"घ्या साहेब. आता होईल गार." तिनं खोक्यांचा गठ्ठा त्यांच्यापुढे सरकवला. "मी निघाले डॉक्टरकडे. तुम्ही चिकटवा, तुमचं मनगट ठणठणीत आहे."

"गेलात तर परत यायचं नाही!"

तिच्या शेजारणीनं आपल्याही गोळ्या टेबलावर ठेवल्या. मग तिच्या पलीकडचीनं. टक, टक, टक. सगळी रांग हात बांधून बसली. साहेबांनी ऑर्डरचा ढीग बघितला, बांधलेले हात बघितले.

"बरं, आठ दिवस," ते पुटपुटले. "आणि याला पण न्या बरोबर. उद्या येऊ दे."

"पंधरा," ताई दारातून म्हणाली.

"…पंधरा."

रस्त्यावर आल्यावर मी म्हटलं, "सांगत होतो ना, अंगावर काढू नकोस म्हणून?"

"गप रे," ताई मनगट सांभाळत म्हणाली. "आता पंधरा दिवस साहेबांना काढू दे."