पहिल्या बर्फापर्यंतचा रंग

"अगं इन-होची आई, हातमोजे घालून मसाला कालवतात का? की आता आम्ही तुझी सही घ्यायची, मग तू हात लावणार?"

जाऊबाईंनी हे एवढ्या मोठ्यांदा विचारलं की अंगणात कोबी धुणाऱ्या सगळ्या बायका एकदम हसल्या. इन-होची आई, सुन-दॉक, मान खाली घालून घमेल्यात मिरची, लसूण, आलं आणि खारवलेली कोळंबी कालवत राहिली. गुलाबी रबरी हातमोजे पार कोपरापर्यंत. कोबी भरताना गल्लीतल्या सगळ्याच हातमोजे घालायच्या, पण किमचीचा, म्हणजे हिवाळ्यासाठी घालायच्या कोबीच्या लोणच्याचा, मसाला कालवणारा हात उघडाच लागायचा. आणि तो हात सुन-दॉकचा, हे लग्न होऊन आली तेव्हापासून ठरलेलंच होतं.

"सही नको, जाऊबाई," ती म्हणाली. "फक्त बर्फ पडू दे. मग बघा."

बर्फ. साऱ्या गावाच्या तोंडी तोच एक विषय. तेरड्याचा रंग तीन दिवसांचा असं कुणी म्हणत असेल, तर त्याने कोरियातल्या या डोंगरात यावं. इथल्या मुली उन्हाळ्यात तेरड्याची पानंफुलं तुरटीबरोबर कुटून नखांवर बांधतात, आणि तो केशरी रंग पहिल्या बर्फापर्यंत टिकला तर पहिलं प्रेम फळतं म्हणतात. मुली बांधतात आणि लग्न झालं की सोडतात. सुन-दॉकने सोडलं नाही. शाळेच्या जेवणघरात ती जन्मभर भांडी घासत आली. पाण्याने आणि सोड्याने रंग शरद ऋतूतच धुऊन जायचा. तरी पुढच्या उन्हाळ्यात ही बाई पुन्हा तेरडा कुटायला बसायची.

"कुणासाठी गं?" बायका विचारायच्या.

"आहे एक," ती म्हणायची. खरं तर कुणीच नव्हतं. लग्न मध्यस्थाने जमवलं. नवरा भला होता, पण इतका अबोल की गेला तेव्हासुद्धा घरात फारसा फरक पडला नाही.

या वसंतात ती निवृत्त झाली आणि रंग पहिल्यांदाच टिकला. त्यात आता बंद पडलेल्या त्याच शाळेत सिनेमावाले येऊन उतरले. त्यांची गोष्ट अशी: पहिल्या बर्फात नाहीसा झालेला अठरा वर्षांचा मुलगा नायिकेच्या म्हातारपणी तिला पुन्हा भेटतो, तो तस्साच, कोवळा. तिचा चेहरा तो ओळखत नाही, पण नखावरची केशरी कोर ओळखतो. रंगवलेली नखं कॅमेऱ्यात खोटी दिसत होती. सुन-दॉकची खरी होती. झालं, नायिकेचा हात म्हणून तिचा हात ठरला. दिग्दर्शकाला बर्फही खराच हवा होता, म्हणून सगळे आभाळाकडे डोळे लावून बसलेले.

"मावशी, हात जपा हं," त्यांची सहायक पोरगी रोज बजावायची. "सुजला, चिरला तर सोलहून दुसऱ्या बाई बोलवायला लागतील."

जाऊबाईंनी कोबीच्या पानाला मसाला लावून चाखला आणि तोंड वाकडं केलं. "रबर. नुसतं रबर लागतंय."

सुन-दॉकनेही चाखलं. रबर काही लागत नव्हतं, पण मीठ चुकलं होतं, आणि कुठे चुकलं ते कळत नव्हतं. इतकी वर्षं ते तिच्या बोटांना कळायचं. ही किमची साऱ्या गल्लीची. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत सगळ्यांच्या पानात हीच पडणार होती. तिने आभाळाकडे पाहिलं. मग एक हातमोजा ओढून काढला, दुसराही काढला, आणि मनगटापर्यंत हात मसाल्यात घातले.

"अगं वेडे, सिनेमा," जाऊबाई हळूच म्हणाल्या.

"सिनेमा एक दिवस बघाल. किमची वर्षभर खाल."

शेवटचा कोबी भरेपर्यंत हात गाजरासारखे लाल झाले आणि फुगले. आणि तेव्हाच, जणू तेवढ्यासाठीच थांबल्यासारखं, घमेल्याच्या काठावर पांढरं काहीतरी येऊन बसलं. मग जाऊबाईंच्या केसांवर. मग सगळीकडे.

सहायक पोरगी धावत आली, तिने हात पाहिले. "मावशी, हे काय केलंत?"

मागून दिग्दर्शक आला. त्याने तो हात उलटसुलट करून पाहिला. लाली, सूज, आणि नखाच्या टोकाला उरलेली केशरी कोर.

"कुणाची तरी वाट बघत हा हात रिकामा बसून राहिला नव्हता," तो म्हणाला. "धुऊ नका फार. असाच घ्या."

शाळेच्या फाटकापाशी बर्फ भुरभुरत होता. नायक झालेल्या देखण्या पोराने तिचा हात दोन्ही हातांत घेतला. "मी आलोय," तो म्हणाला. "उशीर झाला." वाक्य लिहिलेलं होतं, तिला ठाऊक होतं. तरी सुन-दॉकला वाटलं, चला, म्हणालं तरी कुणीतरी. मग तिचा हात धरलेल्याच आपल्या हाताने त्याने भावनेच्या भरात डोळा पुसला, आणि मिरचीने आपलं काम चोख केलं. पोराच्या डोळ्यांतून धारा लागल्या. दिग्दर्शक कॅमेरा थांबवेना. जाऊबाई पदर नसल्यामुळे हातमोजाच तोंडात कोंबून हसत होत्या.

पुढच्या वसंतात गल्लीतल्या बायका बसने तालुक्याच्या थिएटरात गेल्या. तो प्रसंग आला आणि सारं थिएटर हुंदके द्यायला लागलं. एकच रांग खुदुखुदु हसत होती. पुढच्या खुर्चीतल्या मुलीने मागे वळून डोळे वटारले.

"बाळ, तो हात आमचा आहे," जाऊबाईंनी तिला समजावलं.

सिनेमा संपल्यावर लोक उठले. त्या रांगेतलं कुणी उठलं नाही. नावं वर सरकत राहिली, सरकत राहिली, आणि बऱ्याच खाली आलं: हात – गी सुन-दॉक.

"आता या उन्हाळ्यात कुणासाठी बांधणार तेरडा?" अंधारात जाऊबाईंनी विचारलं.

सुन-दॉकने मांडीवरचा हात उचलला, दोघींमधल्या खुर्चीच्या दांडीवर पालथा ठेवला, आणि पडद्याच्या उजेडात तसाच राहू दिला. थोड्या वेळाने जाऊबाईंनी त्यावर आपला हात ठेवला. दोन्ही हातांना अजून लसणाचा वास येत होता.