जेवणारी जखम

अप्पांच्या डाव्या पायाला जखम झाली ती मी आणलेल्या चपलेनं. जुनी चप्पल झिजून कागद झाली होती, म्हणून मी हुमनाबादहून हट्टानं नवी आणली. तिच्या तळातला बारीक खिळा वर आला आणि दोन दिवस टोचत राहिला. साखरेच्या आजारानं अप्पांच्या तळव्यांची जाणीव कधीच गेली होती, त्यांना पत्ताच नाही. तिसऱ्या दिवशी फरशीवर लाल ठसे उमटले तेव्हा ते माझ्यावरच ओरडले, "नागू, कुंकू कुनी सांडलं गं घरभर?"

मी नागरत्ना. तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होते. निवृत्त झाले आणि हळ्ळीखेडला वडिलांजवळ, अप्पांजवळ येऊन राहिले. नवऱ्याशी माझं कधी पटलं नाही आणि आता तो हयातही नाही, त्यामुळे त्याच्याबद्दल एवढंच पुरे.

जखम अंगठ्याच्या मुळाशी, तळव्याला, रुपयाएवढी. हुमनाबादच्या डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं, भरली तर पाय वाचला, हाडाला लागली तर पाय गेला. अप्पांना मरणाची भीती नव्हती, पायाची होती. दर सोमवारी गावच्या मठात दासोह असतो. येईल त्याला जेवण, जात विचारायची नाही, गाव विचारायचं नाही. पंक्तीत वाढायचं काम गेली चाळीस वर्षं अप्पांचं. बसून वाढता येत नाही. "पाय गेला तर मी नुसता जेवणारा ऱ्हाईन," असं ते म्हणाले.

मी रोज पट्टी करत होते. सलाइनच्या पाण्यानं धुवायचं, औषध लावायचं, जाळीचं कापड ठेवायचं, बांधायचं. जखम हळूहळू का होईना, सुधारत होती. त्यात शरणबसव आला.

शरणबसव माझा धाकटा भाऊ. माझ्याहून अकरा वर्षांनी लहान, त्यामुळे अर्धा माझ्याच कडेवर वाढलेला. बीदरला औषधनिर्माणाच्या कॉलेजात शिकवतो, तिथंच मैलूर भागात घर आहे. चार वर्षं तो एकाच गोष्टीमागे लागला होता. ज्वारीच्या पिठाचं सत्त्व, कडुलिंबाचा डिंक आणि मध यांची पातळ पट्टी. वाळवणातल्या पापडासारखी, पलीकडचं दिसेल एवढी. जखमेवर ठेवायची आणि विसरायची. ती काढावी लागत नाही, आठवडाभरात शरीरात विरून जाते, मग वर दुसरी ठेवायची. प्लास्टिक नाही, कचरा नाही, आणि चिकटलेलं कापड ओढताना माणूस बोंबलतो तेही नाही. ते बोंबलणं मी तीस वर्षं ऐकलं होतं. खरं सांगते, मला त्या पट्टीचं कौतुक वाटलं.

प्रयोगशाळेत ती चालली होती, सशांवर चालली होती. माणसांवर वापरायची परवानगी मात्र अजून यायची होती. अप्पांना हे कळलं तेव्हा त्यांनी पाय पुढे केला. "लोकांच्या अंगाला लावायच्या आधी घरच्या अंगाला लाव. आपल्याला चालंना ते दुसऱ्याला वाढायचं न्हाई."

मी भडकले. "साखर अडीचशेच्या वर हाय ह्यांची. परवानगी न्हाई, काय न्हाई, आन् तू ह्यांच्या पायावर प्रयोग करायलास?"

"अक्का, तू अजून कापसाच्या जमान्यात हाइस," शरणबसव हसत म्हणाला.

हे मला लागलं. म्हातारी झालीस, असं म्हटलं असतं तर चाललं असतं. मी दुपारभर त्याच्याशी बोलले नाही, आणि संध्याकाळी स्वतःच म्हणाले, आण ती पट्टी. पोटच्या पोरासारखा वाढवलेला भाऊ शहाणा निघावा, एवढंच मला हवं होतं.

पहिली पट्टी सात दिवस टिकली. शरणबसवनं सांगितल्याबरहुकूम विरली. खाली जखम गुलाबी दिसली, कडा आत सरकल्या होत्या. मी मनातल्या मनात भावाची माफी मागितली.

दुसरी पाच दिवसांत संपली. तिसरी तीन.

"लवकर विरायली म्हणजे शरीर तिला वळखायलंय," शरणबसव फोनवर म्हणाला. अप्पांनी त्याचा आपल्या भाषेत अर्थ लावला. खाटेवर पाय पसरून बसायचे आणि म्हणायचे, "जखम जेवायलीय नागू. जेवतंय ते जगतंय. वाढ गं तिला." आमच्या घरात दुखणं बरं होतंय का, हे थर्मामीटर सांगत नाही, ताट सांगतं. आजाऱ्यानं दुसरी भाकरी मागितली की आई सुटकेचा श्वास सोडायची. आणि दासोहात तर पाहुणा ताटावर हात आडवा धरीपर्यंत वाढत राहायचं. त्या जखमेनं हात आडवा धरला नाही. मी वाढत राहिले.

आता माझी चूक सांगते. ती मीच सांगायला हवी.

कापडाची पट्टी असते तेव्हा नवी बांधण्याआधी जुनी सोडावी लागते. सोडताना डोळा आपोआप जातो. पू किती, रंग कोणता, कडा कशा. बघणं हे काढण्यातच असतं. इथं काढायलाच काही नव्हतं. जखमेवर पिवळसर साय धरली होती. शरणबसवनं बजावलं होतं, "ती खरवडू नको अक्का, खाली नवी कातडी हाय." मी त्या सायीवरच नवी पट्टी ठेवत गेले. दवाखान्यात किती पोरींना मी दटावलं असेल, बघितल्याशिवाय झाकू नका गं. आणि मीच झाकत होते.

मग वास आला. आंबूस. दवाखान्यात असा वास दारातून आला असता तर मी पेशंटच्या आधी डॉक्टरला उभं केलं असतं. पण हा वास माझ्या घरातला होता. चुलीच्या कोपऱ्यात आंबिलीचं मडकं असतं, ज्वारीचं पीठ रात्रभर आंबतं, सकाळी घरभर तोच वास. तो आला नाही तर आम्ही मडक्याला नाव ठेवतो. मी नाक मुरडलं तेव्हा अप्पा म्हणाले, "ज्वारी हाय ती. आंबायचीच." मी हसले. खरंच हसले.

त्या आठवड्यात साखर पावणेचारशेला गेली. शेजारी लग्न होतं, अप्पांनी पुरणाच्या दोन होळग्या हाणल्या होत्या, म्हणून मी होळग्यांना शिव्या दिल्या. ताप नव्हता. दुखणं तर त्या पायाला माहीतच नव्हतं. खाटेच्या पायापाशी लाल मुंग्यांची रांग लागली. "मध हाय की त्यात," शरणबसव म्हणाला. मी खाटेच्या चारी पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या. एक काम केल्याचं समाधान वाटलं.

एका रविवारी सकाळी आठला ठेवलेली पट्टी दुपारी चारला नव्हती. पुसून घेतल्यासारखी जागा. शरणबसव त्या दिवशी घरीच होता. त्याचे डोळे चमकले. "आठ तासांत? अक्का, वेळ नीट लिहून ठेव." त्यानं फोन काढून फोटो घेतला. अप्पा पाटलासारखे बसले होते, पाय पुढे करून. भूक वाढते ती बरं होणाऱ्याची, हे खरं. पण इतकी भूक मी बरं होणाऱ्या माणसात कधी बघितली नव्हती.

"शरणू, ती साय काढून बघू का?"

"कामून? चांगलं चाललंय की. एवढे दिवस थांबलीस, अजून आठ दिवस थांब."

मी थांबले. परत तेच, भावाच्या तोंडावरचा आनंद मोडवेना.

दुसऱ्या दिवशी सोमवार. अप्पा मठात गेले आणि अर्ध्या तासात परत आले. पंक्ती उठायच्या आधी घरी आलेले अप्पा मी आयुष्यात पाहिले नव्हते.

"चप्पल मावंना झालीय पायात," ते म्हणाले. "जरा बसतो."

मी त्यांचं धोतर वर सारलं. पोटरी तुकतुकीत सुजली होती. अंगठ्यानं दाबली. कातडीखाली काहीतरी करकरलं. फडक्यात बांधलेली कडक भाकरी मोडावी तसं, हाताला कळणारं. तीस वर्षांत मी हे दोनदा अनुभवलं होतं. मांसात वायू धरतो तेव्हा असं करकरतं. त्या दोघांपैकी कुणीही पायानं घरी गेलं नव्हतं.

मी चिमटा उकळत्या पाण्यातून काढला आणि साय उचलली. ती अख्खी निघाली, खाली काही धरलेलंच नव्हतं. आत काळं होतं. चिमटा न ढकलता आत गेला आणि टणक काहीतरी लागलं. तो आंबूस वास आता आंबिलीचा राहिला नव्हता, आणि मला कळलं की तो बरेच दिवस आंबिलीचा नव्हता.

अप्पा माझ्या तोंडाकडे बघत होते. "भरली का गं?"

"कलबुर्गीला जाऊ," मी म्हणाले. "मोठ्या डॉक्टरला दाखवू."

शरणबसव नुकताच बीदरला निघाला होता, माझा फोन गेल्यावर अर्ध्या वाटेतून गाडी वळवून आला. जखमेकडे त्यानं एकदाच बघितलं आणि भिंतीला टेकला. "काचेच्या ताटलीत जंतू नव्हते अक्का," तो पुटपुटला. "सशांच्या रक्तात साखर नव्हती." मग त्यानं काढलेल्या सायीकडे बोट केलं. "ज्वारी आन् मध. आपण त्येंलाच चारायलो."

शरीर पट्टी जिरवत नव्हतं. जेवत होतं ते दुसरंच. ते पंक्तीला बसलं होतं, आणि वाढत होते मी.

कलबुर्गीपर्यंत गाडीत एकटे अप्पा बोलत होते. पाऊस कसा, तुरीला फूल कसं, शरणूची पट्टी गावोगावी गेली की मठात पेढे वाटायचे. मी त्यांचा पाय मांडीवर धरला होता. हुमनाबाद सोडताना सूज गुडघ्याखाली चार बोटं होती. दवाखाना आला तेव्हा तिनं गुडघा गाठला होता.

सर्जन उदगीरकडचे निघाले, मराठीच बोलत होते. वयानं शरणबसवपेक्षा लहान. त्यांनी पोटरी दाबली, एक्स-रे बघितला आणि आम्हाला बाजूला न घेता तिथंच सांगितलं, "पाय मांडीतून काढावा लागेल. आत्ता, तासाभरात. उशीर केला तर माणूस जाईल."

अप्पांनी ऐकलं. त्यांनी फक्त उजवा पाय डाव्या पायाजवळ ओढून घेतला.

डॉक्टर जखमेवर पुन्हा वाकले आणि त्यांचा आवाज चढला. "हे दोन दिवसांचं नाही. तीन आठवडे तरी आत सडतंय. पट्टी कोण करत होतं? एकदाही कुणी उचलून बघितलं नाही?"

शरणबसवची मान खाली गेली. त्याचे ओठ हलले, तो सांगणार होता, पट्टी माझी, चूक माझी. मला ते होऊ द्यायचं नव्हतं. मी तोंड उघडलं.

पण अप्पांनी आधी हात वर केला. दुखणं नसलेल्या माणसाच्या शांत आवाजात, डॉक्टरांचाच गैरसमज झालाय आणि तो दूर करायला हवा अशा सुरात ते म्हणाले, "न्हाई डॉक्टरसाहेब, तसं म्हनू नका. ही माझी लेक. तीस वर्षं नर्स हाय ती. रोज तीच बघायलती. हिच्या नजरंतून काय सुटत न्हाई."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. संमतीचा कागद त्यांनी शरणबसवच्या समोरून उचलला आणि माझ्यासमोर ठेवला.

"तुम्हीच करा सही," ते म्हणाले.

अप्पांनी मान डोलावली. "व्हय, तीच करंल," ते म्हणाले, आणि कागद हलू नये म्हणून त्यांनी तो आपल्या हातानं दाबून धरला.