हुपोमोनेला मराठी शब्द

नरसिंहरावांना त्या शब्दाचा अगदी वीट आला होता. तीन आठवडे भाषांतर समिती एकाच ग्रीक शब्दापाशी अडून बसली होती. हुपोमोने. ख्रिस्ती धर्मग्रंथाचा नवा मराठी मसुदा बंगळुरात तयार होत होता आणि शाळेतून निवृत्त झालेले नरसिंहराव, घरी व्यंकटेशाची पूजा आटोपून, त्याची भाषा तपासायला जात. ग्रीक जाणणारे रेव्हरंड भगवंतराव मूळचे निपाणीचे. त्यांनी ‘धीर’ लिहून खोडलं, ‘सहनशीलता’ लिहून खोडलं. शेवटी नरसिंहरावांनी वैतागून ‘सोशिकपणा’ सुचवला. निदान घरातला शब्द तरी होता तो.

समितीचा एक नियम होता. नवी ओळ ख्रिस्ती नसलेल्या कुणाला तरी दोनदा वाचून दाखवायची, काहीही समजावून सांगायचं नाही, आणि तो माणूस जे बोलेल ते जसंच्या तसं वहीत उतरवायचं. नरसिंहराव आपल्या मुलीला, कौशल्येला, वाचून दाखवत. घरात दुसरं होतंच कोण? तीन वर्षांपूर्वी शारदाबाईंना अर्धांगवायू झाला आणि आईचं करायला कौशल्येने टेलिफोन ऑफिसातली नोकरी सोडली. बळेपेटेतले सगळे नातेवाईक म्हणत, पोरगी किती सोशिक! ते ऐकून नरसिंहरावांना बरं वाटे.

गेल्या आठवड्यात त्याच ऑफिसातून तिच्या नावाने पत्र आलं. हुबळीला जागा आहे, पंधरा तारखेपर्यंत हजर व्हावं. तिने अर्ज केला होता हेसुद्धा नरसिंहरावांना त्या पत्रातूनच कळलं. त्यांनी ते शब्दकोशात दडवलं. ती रोज पोस्टमनला विचारी आणि हे पेपरात तोंड खुपसून बसत. जन्मभर पोरांच्या चुका लाल शाईने काढल्या, स्वतःची चूक पाहायची म्हटली की मास्तरांना नेमका चष्मा सापडत नसे. खरं तर ते फार घाबरले होते.

त्या संध्याकाळी कौशल्या आईला रागीची आंबील भरवत होती. त्यांनी ओळ दोनदा वाचली, “संकटांतून माणसाच्या अंगी सोशिकपणा येतो.” मग विचारलं, “काय समजलं?”

“स्वल्प थांबा, अण्णा.” तिने आईची हनुवटी पुसली. मग मागे न बघताच म्हणाली, “सोशिक म्हणजे जिला कुणी विचारलंच नाही ती. विचारलं असतं तर ती काय म्हणाली असती, कुणाला ठाऊक.”

नरसिंहरावांची पेन्सिल थबकली. पण नियम तो नियम. त्यांनी ते उतरवलं.

दुसऱ्या दिवशी भगवंतरावांनी वही वाचली आणि ‘सोशिकपणा’वर काट मारली.

“का हो?” नरसिंहरावांनी विचारलं.

“हुपो म्हणजे खाली, मोने म्हणजे राहणं. ओझ्याखाली टिकून राहणं. पण माझ्या मते, दार उघडं असताना, आपणहून. या बाईंचं दार कुणीतरी बाहेरून लावलेलं दिसतंय. कोण आहेत त्या?”

“ओळखीतल्या आहेत,” नरसिंहराव म्हणाले, आणि त्यांना स्वतःची लाज वाटली.

घरी येताच त्यांनी पत्र काढून कौशल्येच्या हातात दिलं. तिने ते वाचलं, पाकिटावरचा शिक्का पाहिला.

“आठ दिवस झाले याला.”

“मीच ठेवलं होतं.”

ती ओरडेल असं त्यांना वाटलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. “आज बारा. मी उद्याच्या गाडीने निघते.”

आणि आईचं कोण करणार, हा प्रश्न त्यांच्या ओठांवर आला. तो त्यांनी गिळला.

“सरी, ठीक आहे,” ते म्हणाले. “आईची कूस कशी बदलायची ते मला दाखव.”

तिने सांगितलं. एक हात मानेखाली, एक कमरेखाली, गुडघा खाटेला टेकवायचा. नरसिंहराव वाकले. तीन वर्षांत त्यांनी बायकोला एकदाही उचललं नव्हतं, ती एवढी जड असेल हे त्यांना माहीतच नव्हतं. पाठीतून कळ गेली, श्वास फुलला. शारदाबाईंनी चांगल्या हाताने त्यांचा सदरा घट्ट धरला. कौशल्या दारात उभी होती, ती मदतीला आली नाही. कूस बदलली तेव्हा नरसिंहराव घामाने निथळत होते.

“दोन तासांनी पुन्हा,” ती म्हणाली आणि ट्रंक काढायला आत गेली.